कोपऱ्यातली खूण

आमच्या सरांनी आपल्या खोलीच्या दारावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता. 'दार वाजवण्यापूर्वी उत्तर स्वतः शोधावे. सापडल्यास परत जावे. न सापडल्यास पुन्हा शोधावे.' म्हणजे आत यायची सोयच नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी सापेक्षतावाद हा विषय घेतला, तेव्हा पहिले दोन महिने मी त्या दारापर्यंत जायचे, कागद वाचायचे आणि परत फिरायचे. भीतीने नाही हं, रागाने. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणते, ही जन्मली तीच भांडत.

सर साठीला टेकलेले, शिडशिडीत, आणि विद्यार्थ्यांना 'आपण' म्हणणारे. नवख्याला वाटायचं, अहाहा, काय हा आदर! मग एकदा फळ्यापाशी गणित चुकलं की कळायचं. "आपण प्रकाशाला थांबवलंत. अभिनंदन. आता त्याला चहा विचारा," असं ते इतक्या शांतपणे म्हणायचे की हसावं की रडावं समजत नसे. सुरुवातीला वर्गात आम्ही अकरा जण होतो. दिवाळीपर्यंत पाच उरलो.

पहिली सहामाही विशेष सापेक्षतावादाची, आणि ती मला फार आवडली. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, त्याची पट्टी आखूड होते, सगळाच जादूचा मामला. आम्ही राहायला पुण्यात हडपसरच्या पलीकडे, मांजरीला, त्यामुळे विद्यापीठ म्हणजे दोन बस आणि पावणेदोन तास. शेजारच्या बसकडे बघून हलतंय कोण, आपण की ती, हे ओळखता येत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं. हडपसरच्या पुलाखाली दोन्ही बस हलत नसल्यामुळे तो प्रश्न तिथेच निकालात निघायचा. घरी येऊन मी आईला सांगितलं, की जो फार वेगाने प्रवास करतो तो कमी म्हातारा होतो. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग तुझ्या त्या बसमध्ये बसणारी माणसं पटापट म्हातारी होत असतील." तिला धडा माझ्याआधी कळला होता.

दुसऱ्या सहामाहीत सामान्य सापेक्षतावाद सुरू झाला आणि माझं हसू पळालं. गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नाही, सूर्याभोवतीचे अवकाश आणि काळच वाकलेले असतात, इथपर्यंत ऐकायला छान. पण ते वाकणं मोजायचं म्हणजे पानंच्या पानं गणित. त्यात गॅमा नावाच्या चाळीस राशी काढायच्या. त्यातल्या बऱ्याचशा शून्य येतात, पण कुठल्या शून्य येतात ते कळायला आधी त्या सगळ्या काढाव्या लागतात. मी अक्षरशः रडकुंडीला आले होते, आणि तरीही मला दुसरं काही करायचं नव्हतं. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कुणीतरी समजूत घातली असती.

समजूत घालण्याची तयारी घरी सुरूच होती. हडपसरच्या एका आयटी पार्कमधल्या कंपनीत माझी निवड झाली होती. घरापासून पंधरा मिनिटं. पत्र आलेलं, मंगळवारपर्यंत हो की नाही कळवायचं. पप्पा हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपात मशीनवर होते आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. आईचं म्हणणं सरळ होतं, "घराजवळची नोकरी सोडून ही लांबच्या सूर्याच्या मागे लागलीय." पप्पा काहीच म्हणाले नाहीत. आमच्या घरात आजोबांपासूनचा एक नियम आहे, शिकणाऱ्या माणसाला मधे हाक मारायची नाही. तो नियम पप्पांनी एवढा पाळला की माझ्या मनात काय आहे हेसुद्धा विचारलं नाही. त्याचाही मला राग यायचा.

शेवटी मी मनाशी ठरवलं. सर दरवर्षी एकाच जोडीला आपल्या हाताखाली प्रकल्पाला घेत. त्यांनी घेतलं, तर पुढे संशोधनाचा रस्ता उघडतो. त्यांनी घेतलं तर भौतिकशास्त्र. नाही घेतलं तर मंगळवारी गुपचूप नोकरीला हो म्हणायचं आणि पुन्हा सूर्याचं नाव काढायचं नाही. सरांची परीक्षा सोमवारी सकाळी दहाला होती.

त्या परीक्षेची एक रीत होती. जोडीने फळ्यापाशी जायचं, हातात कागद नाही, वही नाही. विषय सगळ्यांना आधीच ठाऊक, बुध ग्रहाची कक्षा. बुध सूर्याभोवती लांबट वर्तुळात फिरतो, आणि ते लांबट वर्तुळच स्वतः अगदी किंचित किंचित वळत जातं. त्यातला एक चिमुकला हिस्सा, शंभर वर्षांत त्रेचाळीस सेकंद, जुन्या गुरुत्वाकर्षणाने सुटत नव्हता, तो सापेक्षतावादाने सुटला. इथे सेकंद म्हणजे घड्याळाचा नव्हे, कोनाचा. एका अंशाची साठ मिनिटं, एका मिनिटाचे साठ सेकंद. एकीने गणित सुरू करायचं. मधे कुठेही, मनात येईल तिथे, सर म्हणणार, "खडू द्या." की पहिलीने खडू दुसरीच्या हातात द्यायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि दुसरीने तिथूनच पुढे न्यायचं. सरांचं म्हणणं, एकटा माणूस पाठ करू शकतो, दोघांना समजावंच लागतं.

माझी जोडीदार वर्ध्याकडची, वसतिगृहात राहणारी. माझ्या अगदी उलट. मी तापले की ती थंड. "काहून भडकून राहिली? होते ना बाप्पा सगळं," हे तिचं सगळ्यावर औषध. अभ्यास मात्र आम्ही वेगवेगळ्या पुस्तकांवरून केलेला. मला ग्रंथालयातली एकुलती एक जुनी प्रत मिळाली होती. तिच्याकडे एका जुन्या विद्यार्थिनीने दिलेली दुसऱ्या पुस्तकाची झेरॉक्स होती. आमच्या लेखी गणित म्हणजे गणित. पुस्तक कुठलं का असेना!

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून आम्ही घरी आलो तर ही मैत्रीण दारात हजर. पप्पांनी आमच्यासाठी गच्चीवर फळा करून ठेवला होता. भंगारातला पत्रा घासून, काळा रंग मारून, पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केलेला. आधी मी एकटीने पूर्ण गणित केलं. त्रेचाळीस. मग तिने एकटीने केलं. त्रेचाळीस. आम्ही टाळ्या दिल्या. मग परीक्षेसारखं करू म्हणून मी सुरू केलं आणि मधेच खडू तिला दिला.

बुध पळून गेला.

म्हणजे गणितात असं आलं की सूर्य बुधाला ओढत नाही, ढकलतो. कक्षा वगैरे काही नाहीच, ग्रह सूर्याला पाठ दाखवून अंतराळात पसार. आम्ही हसलो. कुठेतरी चिन्ह चुकलं असेल. पुन्हा केलं, या वेळी तिने सुरू केलं, मी पुढे नेलं. पुन्हा सूर्य ढकलतोय. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, ढकलतोच आहे. एकेकटीने केलं की त्रेचाळीस, आणि मधे खडू दिला की बुध गायब.

"तूच मधात काहीतरी करून राहिली," ती म्हणाली.

"मी? माझं एकटीचं बरोबर येतं!"

"माझंही येते ना!"

"मग माझं बरोबर आणि तुझंही बरोबर, तर चुकतंय कोण? सूर्य?"

दुपारचे दोन वाजलेले, पत्रा तापलेला, खडूने बोटं पांढरी झालेली. माझ्या डोळ्यांसमोर मंगळवार नाचत होता. आणि मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुला ती झेरॉक्स पाठ आहे नुसती. समजलेलं काही नाही." ती काही बोलली नाही. हे फार वाईट होतं, कारण ती नेहमी काहीतरी बोलते. तिने वही पिशवीत घातली, ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी जाते. एकटीच दे परीक्षा." आणि एकटीला परीक्षा नव्हती, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की माफी मागायच्या ऐवजी मी आणखी फुगून बसले.

तेवढ्यात पप्पा चहा आणि खारी घेऊन वर आले. शिकणाऱ्याला हाक मारायची नाही, पण चहा द्यायला बंदी नव्हती. दोघींची तोंडं बघून ते थबकले.

"काय झालं?"

"सूर्य ढकलतोय," मी म्हटलं.

"कुणाला?"

"बुधाला."

पप्पांनी हात कपाळावर धरून वर बघितलं, अगदी खरंच सूर्याकडे. "मला तर काय तसा वाटत नाय," ते म्हणाले.

मला हसू फुटलं आणि रडूही. मग भडाभडा सांगून टाकलं, की एकटीचं बरोबर, दोघींचं चूक. पप्पा चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, "वह्या दावा."

त्यांना त्यातलं एक अक्षर कळणार नव्हतं. पण त्यांनी वह्या उघडल्या त्या आमच्यासारख्या नाही. पान वरून खाली वाचलंच नाही. नजर थेट खाली, उजव्या कोपऱ्यात. एक पान, दुसरं पान, दोन्ही वह्या. मग म्हणाले, "हितं खूण कुठाय?"

"कसली खूण?"

"अगं, ड्रॉइंगवर असती ती." मग त्यांनी खडू घेतला आणि पत्र्याच्या कोपऱ्यात एक छोटी आकृती काढली, दोन वर्तुळं आणि शेजारी टोक कापलेला शंकू. "वस्तूचं ड्रॉइंग काढायच्या दोन पद्धती हायत. एकीत डाव्या बाजूनं बघितलेलं उजवीकडं काढत्यात, दुसरीत डावीकडंच. आपल्याकडं बहुतेक पहिली. भायेरची ऑर्डर आली की दुसरी. दोन्ही बरोबर हायत. म्हणून कोपऱ्यात खूण. मशीन चालू करायच्या आधी खूण बघायची. ज्यानं खूण बघितली नाय, त्याचं भोक पलीकडच्या बाजूला पडतं."

"तुमचं पडलं होतं?" माझ्या मैत्रिणीने विचारलं. तिचा आवाज अजून ओलाच होता.

"पडलं होतं म्हंजे? नवीन होतो. एका पाळीत सगळे ब्रॅकेट उलटे केले. फोरमननं काय काय ऐकवलं, ते तुमच्यापुढं सांगत नाय. त्यातले दोन घरी आणलेत. खाली बुद्धमूर्तीची फळी ज्यावर हाय, ते तेच."

त्या फळीखालचे ब्रॅकेट मी लहानपणापासून बघत होते. ते उलटे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्या क्षणी आम्ही ब्रॅकेटचा विचार करत नव्हतो. आम्ही दोघींनी एकाच वेळी एकमेकींच्या वह्यांवर झडप घातली. पहिलं पान. पहिलीच ओळ. माझ्या वहीत काळाच्या पदापुढे उणे. तिच्या वहीत काळाच्या पदापुढे अधिक.

झालं होतं ते असं. सापेक्षतावादात काळ आणि जागा एकाच सूत्रात मोजतात, पण उलट्या चिन्हांनी. काळाला उणे दिलं तर जागेला अधिक, काळाला अधिक दिलं तर जागेला उणे. कुठलं कुणाला द्यायचं हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. निम्मी पुस्तकं असं लिहितात, निम्मी तसं. गाडी डाव्या बाजूने चालवायची की उजव्या, एवढीच गोष्ट, फक्त एक बाजू धरली की ती सोडायची नाही. पुण्यातल्या माणसाला हे समजायला जरा वेळ लागतो, ते सोडा. माझ्या पद्धतीत पुढे एका ठिकाणी उणे एक लिहायचं, तिच्या पद्धतीत तिथेच अधिक एक. मी माझ्या चिन्हाने सुरू करत होते आणि ती तिच्या चिन्हाने पुढे नेत होती. सूर्य बिचारा करणार काय? ढकलायला लागला.

"अई गं!" मैत्रीण म्हणाली आणि मटकन खाली बसली. "वर्षभर आपण दोघीबी बरोबर होतो!"

मी तिच्याजवळ बसले. "मघाशी मी फार घाण बोलले," म्हटलं. "माझी चूक झाली. खरंच."

"बोलली तर होती," ती म्हणाली, आणि माझी खारी उचलून खाल्ली. एवढ्यावर मिटलं.

आता प्रश्न उरला, कुणी कुणाची पद्धत धरायची. मी माझी सोडायला तयार नव्हते, हे सांगायला नकोच. पप्पा म्हणाले, "जो सुरू करील त्यानं कोपऱ्यात खूण काढायची. दुसऱ्यानं गुमान ती पाळायची. वर्कशॉपात असंच असतं." पण सर कुणाला आधी बोलावतील ते माहीत नव्हतं. म्हणजे दोघींनी दोन्ही पद्धती हातात बसवायच्या. संध्याकाळी ऊन कलेपर्यंत आम्ही तेच केलं. पत्र्याच्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ, त्यात काळाचं चिन्ह, अधिक किंवा उणे. पप्पा टाकीला टेकून बसले आणि मनात येईल तिथे ओरडत होते, "खडू द्या!" त्यांना एवढी मजा आली की आईने जेवायला हाक मारली तरी उठेनात.

सोमवारी सरांच्या खोलीत आम्ही दोघीच. सरांनी मैत्रिणीकडे बोट दाखवलं, "आपण." तिने खडू घेतला आणि आधी फळ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात वर्तुळ काढून त्यात अधिकचं चिन्ह काढलं. सरांनी भुवई वर केली. ती सूत्र मांडत गेली, शांतपणे, ठळक अक्षरात. आणि बरोब्बर त्या ठिकाणी, जिथे एक लिहायचा असतो, अधिक की उणे, त्याच्या अगदी आधी सर म्हणाले, "खडू द्या."

खडू माझ्या हातात आला. वर्षभर माझ्या हाताने त्या जागी उणे लिहिलेलं. हात आपोआप तिकडे गेला, खडू फळ्याला टेकलासुद्धा. मी मान वळवून कोपरा बघितला. अधिक. खडू उचलला आणि अधिक एक लिहिलं. मग पुढचं सगळं उताराला लागल्यासारखं गेलं. शेवटी त्रेचाळीस आले.

सरांनी वरून खाली एकेक ओळ तपासली. मग म्हणाले, "मी दरवर्षी मुद्दाम तिथेच खडू काढून घेतो. दरवर्षी कुणीतरी बुध पळवून लावतं. आपण नाही लावलात." कोपऱ्याकडे बोट करून विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात?"

"पुस्तकात नाही, सर. वडिलांनी सांगितलं."

"कुठे शिकवतात ते?"

"शिकवत नाहीत. हडपसरला वर्कशॉपात मशीनवर असतात."

सरांच्या तोंडून काहीतरी खोचक निघणार म्हणून मी दात आवळले. ते उठले, फळा पुसला, पण कोपरा तेवढा ठेवला. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी हे वर्गात तोंडी सांगत आलो, कोपऱ्यात लिहायचं काही मला सुचलं नाही. आणि प्रकल्पाचं काम येत्या गुरुवारपासून. वेळेवर या." दाराबाहेर पडल्यावर आम्ही दोघींनी जो काही आरडाओरडा केला, त्याने शेजारच्या प्रयोगशाळेतला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

घरी पोचले तर पप्पा अंगणात गाडी पुसत होते. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ओढतोय का आता?"

"ओढतोय!"

"मग बास," म्हणाले आणि पुसायला लागले. मी सरांचा निरोप सांगितला. त्यांनी फडकं दोनदा पिळलं, एकदाच पिळायचं होतं.

आत आई होती. मी म्हटलं, "आई, मी उद्या कंपनीला नाही म्हणून कळवतेय. रागावू नकोस." आई पोळी लाटायची थांबली नाही. "मी कशाला रागावू? तुझ्या बापाने सकाळीच मालकाला सांगितलंय, अजून दोन वर्षं कामावर येतो म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही."

मी दाराकडे वळले. पप्पा उंबऱ्यात येऊन उभे होते, ओलं फडकं हातात.

"सकाळी?" मी म्हटलं. "पण पप्पा, आमची परीक्षाच दहाला होती. सरांनी घेतलं नसतं तर?"

"काल संध्याकाळी बघितलं ना मी," पप्पा म्हणाले. "तुम्ही दोघी दर वेळी आधी कोपरा बघत होता. मग काय विचारायचं राहिलं?"